परदेशातली सरकारी नोकरी आणि डिप्लोमॅट लोकांच्या आठवणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त राजदूत, कॉन्सुल (परदेशात आपल्या नागरिकांची आणि पासपोर्ट-व्हिसाची कामं बघणारे अधिकारी), दूतावासातले सेक्रेटरी यांच्या मुलाखती आणि आत्मचरित्रं मी बरीच वर्षं वाचतोय, आणि त्यावर बोलणं निघालं की लोक साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवलं. क्रम असा काही लावलेला नाही. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलंय.

हे लोक दिवसभर नक्की करतात तरी काय?

कागदावर उत्तर सोपं आहे. दूतावासांचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात पाच कामं दिलीयत: आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करायचं, देशाचे आणि आपल्या नागरिकांचे हितसंबंध जपायचे, तिथल्या सरकारशी वाटाघाटी करायच्या, तिथे काय चाललंय ते कायदेशीर मार्गाने समजून घेऊन घरी कळवायचं, आणि दोन देशांतले संबंध वाढवायचे. प्रत्यक्षात मात्र बहुतेकांच्या आठवणीत दोनच गोष्टी सारख्या येतात, माणसांना भेटणं आणि भेटून आल्यावर लिहिणं. सकाळी तिथले पेपर वाचायचे, मग कुणा अधिकाऱ्याला, पत्रकाराला, प्राध्यापकाला, विरोधी पक्षातल्या कुणाला तरी भेटायचं, आणि संध्याकाळी त्यातलं कामाचं काय आणि नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं काय हे वेगळं करून मुख्यालयाला पाठवायचं. आपल्याकडचे मंत्री दौऱ्यावर आले की मात्र हे सगळं बाजूला राहतं आणि गाड्या, खोल्या, याद्या, कोण कुठे बसणार यातच आठवडे जातात. हे काम कुणाला आवडलं असं फारसं वाचनात आलं नाही, पण ते नीट केल्यामुळेच पुढच्या ओळखी झाल्या असं मात्र बरेच जण सांगतात.

या आठवणी कुठे मिळतात?

आत्मचरित्रं तर आहेतच, पण माझं मत विचाराल तर मौखिक इतिहासाच्या मुलाखती जास्त चांगल्या. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून निवृत्त अधिकाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घ्यायचं काम चालू आहे आणि आता तो साठा अडीच हजारांच्या पुढे गेलाय, सगळा फुकट वाचता येतो, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर पण आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा असाच प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला, तो केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजच्या अभिलेखागारात आहे. मुलाखत घेणाराही बऱ्याचदा त्याच सेवेत काम केलेला असतो, त्यामुळे समोरच्याला गुळमुळीत उत्तर देऊन सुटता येत नाही. आणि मुख्य म्हणजे इथे फक्त राजदूत नाहीत, कधीच राजदूत न झालेले, कायम मधल्या पदांवर राहिलेले लोकही आहेत. मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक बोलणं त्यांचंच असतं.

आपल्याला यातून काय मिळणार? मोठ्या लोकांचे किस्सेच ना?

किस्से आहेत, भरपूर आहेत, पण ते सोडून दिले तरी चालतील. मला या वाचनातून कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की या नोकरीत खरं अवघड काम परक्या सरकारशी बोलण्याचं नाहीये, स्वतःच्या सरकारला नको असलेली बातमी सांगण्याचं आहे. तिथे राहून, तिथली भाषा बोलून, तिथल्या लोकांत वर्षानुवर्षं बसून जे दिसलं ते घरच्या लोकांना कळवायचं, आणि घरचे म्हणतात आम्हाला हे ऐकायचं नाही. निवृत्त झालेली माणसं मागे वळून बोलतात तेव्हा त्यांना अभिमान वाटतो तो अशाच एखाद्या अहवालाचा, आणि सलतं तेही एखादा अहवाल मवाळ करून पाठवला होता तेच.

भाषा शिकावीच लागते का, आता इंग्रजी सगळीकडे चालते की?

शिकावी लागते. चालतं आणि समजतं यात फार फरक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेत जपानी, चिनी, कोरियन, अरबी या भाषांसाठी साधारण ८८ आठवड्यांचा कोर्स धरतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं पगार देऊन माणसाला फक्त भाषा शिकायला बसवतात. भारतीय परराष्ट्र सेवेतही नव्या अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा नेमून दिली जाते आणि तिची परीक्षा पास व्हावी लागते. याचं कारण आठवणी वाचल्या की लगेच कळतं. इंग्रजी बोलणारे लोक बहुतेक देशांत राजधानीत राहतात, शिकलेले असतात, बाहेरच्यांशी कसं बोलायचं हे त्यांना माहीत असतं. फक्त त्यांच्याशीच बोललं तर देश आहे त्यापेक्षा शांत आणि समजूतदार वाटतो, आणि मग एक दिवस रस्त्यावर लाखो लोक उतरतात तेव्हा दूतावासाला धक्का बसतो.

मग भाषा शिकवून, ओळखी होऊ देऊन तीन-चार वर्षांत बदली का करतात?

हा प्रश्न खुद्द डिप्लोमॅट लोकच आयुष्यभर विचारतात. यामागची भीती अशी असते की माणूस फार काळ एका देशात राहिला की हळूहळू त्याच देशाची बाजू घ्यायला लागतो, आपल्या सरकारला त्यांचं म्हणणं पटवून द्यायला लागतो. ही भीती अगदीच खोटी नाही, जुन्या मुलाखतींमध्ये लोक हे सहकाऱ्यांबद्दल स्पष्ट सांगतात. दुसरं कारण न्यायाचं, कुणाला कायम सुखाची पोस्टिंग आणि कुणाला कायम युद्धाच्या किंवा मलेरियाच्या जागा असं होऊ नये. पण किंमत मोठी आहे. चौथ्या वर्षी जे दार उघडणार होतं ते उघडायच्या आत माणूस निघून जातो आणि नव्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मला वाटतं निदान अवघड भाषांच्या देशांत तरी मुक्काम लांबवायला हवा, किंवा तोच माणूस पुन्हा तिथे यायला हवा.

इम्युनिटी, म्हणजे अटक आणि खटल्यापासून संरक्षण, असते म्हणजे काहीही केलं तरी चालतं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्याच व्हिएन्ना कराराच्या २९ व्या कलमाने राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही आणि ३१ व्याने तिथल्या कोर्टात फौजदारी खटला चालत नाही हे खरं, पण ४१ वं कलम सांगतं की तिथले कायदे पाळणं आणि अंतर्गत कारभारात नाक न खुपसणं हे त्याचं कर्तव्य आहे. शिवाय हे संरक्षण त्या माणसाच्या मालकीचं नसतं, देशाच्या मालकीचं असतं, म्हणजे त्याचं सरकार ते काढून घेऊ शकतं. आणि यजमान देश नवव्या कलमाखाली कधीही, कारण न सांगता, पर्सोना नॉन ग्राटा, म्हणजे नकोशी व्यक्ती, ठरवून परत पाठवू शकतो. जॉर्ज केनन हे अमेरिकेचे रशियाचे सगळ्यात मोठे जाणकार, १९४६ मध्ये मॉस्कोहून पाठवलेल्या त्यांच्या लांबलचक टेलिग्रामने अमेरिकेचं धोरण बदललं, तेच पुढे राजदूत म्हणून मॉस्कोला गेले आणि १९५२ मध्ये बर्लिनच्या विमानतळावर पत्रकारांपुढे मॉस्कोतल्या जगण्याची तुलना नाझींच्या स्थानबद्धतेशी केली म्हणून सोव्हिएत सरकारने त्यांना परत येऊच दिलं नाही. विमानतळावरचं एक वाक्य आणि राजदूतपद गेलं.

गैरवापर होतो का, होतो. लंडनमध्ये एप्रिल १९८४ ला लिबियाच्या दूतावासातून झालेल्या गोळीबारात एक महिला पोलिस गेली आणि आतले सगळे सुखरूप देशाबाहेर पाठवावे लागले, याचा राग समजण्यासारखाच आहे. तरीही नियम टिकून आहे, कारण आज आपण त्यांच्या लोकांचं संरक्षण काढलं तर उद्या आपल्या लोकांचं तिकडे काय होईल हे प्रत्येक देशाला माहीत असतं.

पार्ट्यांचं काय? रोज पार्ट्याच असतात म्हणे?

असतात, आणि बहुतेकांना काही वर्षांत त्याचा कंटाळा येतो. दिवसभर काम करून पुन्हा रात्री तीन तास उभं राहून नावं लक्षात ठेवायची. पण फोनवर जे कुणी सांगत नाही ते तिथे कोपऱ्यात दोन मिनिटांत सांगतात, म्हणून जावं लागतं. एवढंच.

कॉन्सुलर काम म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची खिडकी, ते दुय्यम समजतात ना?

समजायचे, काही ठिकाणी अजूनही समजतात, आणि माझ्या मते ही या सेवेची सगळ्यात मोठी चूक आहे. राजकीय विभागात बसून अहवाल लिहिणारा पुढे जातो आणि खिडकीवरचा मागे राहतो. पण सामान्य माणसाचा आपल्या दूतावासाशी संबंध येतो तो खिडकीवरच. पासपोर्ट हरवलेला, पगार थकवून मालकाने कागदपत्रं दाबून ठेवलेली, नवऱ्याने टाकून दिलेली, वेड लागल्यासारखं करणारा एकटा प्रवासी, तुरुंगात पडलेला विद्यार्थी. १९६३ च्या कॉन्सुलर संबंधांच्या करारातलं ३६ वं कलम म्हणतं की परक्या देशात अटक झालेल्या माणसाला आपल्या कॉन्सुलशी बोलायचा हक्क आहे आणि कॉन्सुलला तुरुंगात जाऊन त्याला भेटायचा हक्क आहे. कॉन्सुल त्याला सोडवू शकत नाही, हे तिथे गेल्यावर पहिल्यांदा सांगावं लागतं आणि ते ऐकताना समोरच्याचा चेहरा बघणं फार जड जातं असं कितीतरी जणांनी सांगितलंय. पण भेट होते, वकिलांची यादी देता येते, घरी निरोप जातो, आणि तिथल्या जेलरला कळतं की याच्यावर कुणाचं तरी लक्ष आहे.

मृत्यूचं काम तर त्याहून अवघड. कुणाच्या तरी घरी फोन करून सांगायचं, मग शव पाठवायचे कागद, डॉक्टरचा दाखला, विमान कंपनी, आणि दोन देशांची सुट्टीची दिवसं वेगवेगळी. पंचविशीतल्या पोराला हे पहिल्या पोस्टिंगमध्ये करावं लागतं आणि त्याबद्दल तो सत्तरीत बोलतानाही थांबून थांबून बोलतो.

मोठ्या प्रमाणावर हेच काम म्हणजे सुटका. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परत आणलं गेलं. वाचताना विमानांचे आकडे डोळ्यात भरतात पण ती विमानं भरायच्या आधी कुणीतरी याद्या केल्या, ज्यांच्याकडे पासपोर्टच नव्हते त्यांना कागद करून दिले, सीमेवर उन्हात उभं राहून दोन-दोन सरकारांच्या शिपायांशी वाद घातले. ते सगळं खिडकीवरचंच काम आहे, फक्त प्रचंड मोठं.

सरकारचं धोरण पटलं नाही तर काय करतात?

तीन रस्ते असतात. आत राहून लेखी विरोध करायचा, राजीनामा द्यायचा, किंवा हुकूम मोडायचा. चौथा गप्प बसायचा, आणि बहुसंख्य लोक तोच घेतात, ते स्वतःच कबूल करतात.

लेखी विरोधाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली तेव्हा आर्चर ब्लड हे ढाक्यात अमेरिकेचे कॉन्सुल जनरल होते. त्यांच्या कचेरीतले लोक डोळ्यांनी बघत होते, रोज कळवत होते, आणि वॉशिंग्टन पाकिस्तानच्या लष्करी राजवटीला सांभाळून घेत होतं. ६ एप्रिलला तिथल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी सही करून टेलिग्राम पाठवला की आमच्या सरकारचं नैतिक दिवाळं निघालंय, आणि ब्लड यांनी त्याला स्वतःचा पाठिंबा जोडला. धोरण बदललं नाही. ब्लड यांना ढाक्यातून हलवण्यात आलं आणि त्यांची पुढची वाटचाल अडली. असा विरोध कळवण्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात त्याच वर्षी एक अधिकृत मार्ग तयार झाला होता, तो अजून चालू आहे. मला त्या टेलिग्राममधली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तो एकट्याने नाही पाठवला, कनिष्ठ लोकांनी पण नोकरी पणाला लावून सही केली.

राजीनाम्याचं बोलायचं तर २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी तीन अमेरिकन डिप्लोमॅटनी उघड राजीनामे दिले, अथेन्समध्ये काम करणारे जॉन ब्रेडी कीसलिंग त्यातले पहिले.

आणि हुकूम मोडणारे. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनासमध्ये जपानचे व्हाइस कॉन्सुल चिउने सुगिहारा यांनी टोकियोचा नकार असताना ज्यू निर्वासितांना दोन हजारांवर ट्रान्झिट व्हिसा (देशातून पुढे जाण्यापुरते व्हिसा) दिले, हाताने लिहून, दिवसाचे तासन् तास. त्याच सुमाराला फ्रान्समधल्या बोर्दोत पोर्तुगालचे कॉन्सुल अरिस्तिदेस द सौसा मेंदेस यांनी लिस्बनचा आदेश धुडकावून हजारो लोकांना व्हिसा दिले. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, १९५४ मध्ये ते गरिबीत वारले, आणि २०२१ मध्ये त्यांच्या देशाने त्यांना राष्ट्रीय समाधीस्थळात मान दिला. व्हिएन्नामध्ये १९३८ पासून चीनचे कॉन्सुल जनरल हो फेंग-शान यांनी ज्यूंना शांघायसाठी व्हिसा दिले, त्याची दखल २००० मध्ये घेतली गेली, ते वारल्यावर. तिघंही कॉन्सुलर काम करत होते हे इथे मुद्दाम सांगतो. माणसं वाचवायची ताकद राजदूताच्या दालनात नव्हती, व्हिसाच्या शिक्क्यात होती.

कुटुंबाचं कसं होतं?

आत्मचरित्रांत यावर सगळ्यात कमी लिहिलंय आणि आयुष्यात सगळ्यात जास्त हेच भोगावं लागतं. मुलांची शाळा दर तीन वर्षांनी बदलते. आईवडील म्हातारे होतात आणि आजारपणाचा फोन येतो तेव्हा माणूस दोन विमानं लांब असतो. जोडीदाराची नोकरी तर जवळजवळ संपतेच, कारण बऱ्याच देशांत काम करायची परवानगी मिळत नाही, त्यासाठी दोन देशांत वेगळा करार असावा लागतो. अमेरिकेत १९७२ पर्यंत नवऱ्याच्या गोपनीय अहवालात बायको पाहुण्यांची सरबराई कशी करते यावरही शेरे मारले जायचे, म्हणजे पगार एकाला आणि काम दोघांना. त्या काळातल्या बायकांच्या मुलाखती वेगळ्या घेतल्या गेल्यात, त्या जरूर वाचा, नवऱ्यांनी सांगितलेल्या त्याच शहराचं तिथे वेगळंच चित्र दिसतं.

बायका स्वतः अधिकारी असतील तर आणखी अडचण. लग्न केलं की नोकरी सोडायची हा नियम ब्रिटन आणि अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होता. भारतात १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा, पुढे १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या. बढतीत डावललं म्हणून त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यायची अट फक्त बायकांना होती, तीही त्यांनी कोर्टापुढे मांडली. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली म्हणून याचिका निकाली निघाली, पण १९७९ च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असे भेदभावाचे नियम बदलायला हवेत हे कडक शब्दांत सांगितलं. मुथम्मांनी हे नोकरीत असताना केलं, निवृत्त झाल्यावर नाही, आणि म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

जिवाला धोका असतो का?

असतो. तेहरानमध्ये ४ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला गेला आणि ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. त्यातून निसटलेल्या सहा जणांना कॅनडाच्या डिप्लोमॅटनी स्वतःच्या घरात लपवलं, स्वतःचा जीव धोक्यात घालून. फेब्रुवारी १९८४ मध्ये बर्मिंगहॅममधले भारतीय अधिकारी रवींद्र म्हात्रे यांचं अपहरण करून खून केला गेला. ७ जुलै २००८ ला काबूलमधल्या भारतीय दूतावासावर झालेल्या हल्ल्यात व्यंकटेश्वर राव हे परराष्ट्र सेवेतले अधिकारी आणि ब्रिगेडियर आर. डी. मेहता गेले, आणि त्यांच्याबरोबर गेलेले बहुसंख्य अफगाण होते, बरेचसे व्हिसाच्या कामासाठी आलेले.

नैरोबीत ७ ऑगस्ट १९९८ ला अमेरिकन दूतावासावर बॉम्ब झाला तेव्हाही तेच, दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यात अमेरिकन १२ आणि बाकी जवळजवळ सगळे केनियाचे. दूतावासात ड्रायव्हर, दुभाषी, हिशेबनीस, सल्लागार म्हणून काम करणारे स्थानिक लोक वीस-तीस वर्षं तिथेच असतात, येणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला शहर तेच शिकवतात, आणि दूतावास बंद करायची वेळ आली की विमानात जागा त्यांना सगळ्यात शेवटी मिळते किंवा मिळतच नाही. निवृत्त लोक एकेका स्थानिक सहकाऱ्याबद्दल फार आपुलकीने बोलतात, पण त्या सहकाऱ्यांच्या स्वतःच्या मुलाखती तुलनेने फार थोड्या आहेत. त्या घेतल्या गेल्या पाहिजेत, माणसं आहेत तोवर.

व्हिडिओ कॉलच्या काळात दूतावास लागतातच कशाला?

दोन मंत्री एकमेकांना थेट फोन करतात हे खरंय, पण फोन करायच्या आधी समोरचा कशाला घाबरतोय, घरी त्याच्यावर कुणाचा दबाव आहे, आणि त्याचं हो म्हणजे हो असतं का हे कुणीतरी सांगावं लागतं. २०१० मध्ये गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्सने अमेरिकेच्या अडीच लाखांवर केबल, म्हणजे दूतावासांनी मुख्यालयाशी केलेला पत्रव्यवहार, उघड करायला सुरुवात केली तेव्हा लोकांना कारस्थानं सापडतील असं वाटत होतं. काही लाजिरवाण्या गोष्टी निघाल्याच, पण बरेचसे कागद म्हणजे कुणीतरी खूप ऐकून, तिथे राहून लिहिलेली चांगली वर्णनं होती. ते लिखाण पडद्यावरच्या कॉलमधून होत नाही.

निवृत्त माणसाच्या आठवणींवर विश्वास किती ठेवायचा?

अर्धा तरी ठेवा, आणि उरलेला ताडून बघा. लोक स्वतःचं म्हणणं नंतर खरं ठरलं तेवढंच जास्त आठवतात. वादात दोघं असतील तर दोघांच्याही मुलाखती वाचायच्या. कागदपत्रंही हळूहळू खुली होतात, अमेरिकेचे परराष्ट्र धोरणाचे दस्तऐवज १८६१ पासून खंडांच्या रूपात छापले जातात आणि साधारण तीस वर्षांनी बाहेर यावेत असा कायदा आहे. आठवण आणि त्या दिवशी पाठवलेली केबल शेजारी ठेवून वाचली की माणूस कुठे घसरतो आणि कुठे अगदी अचूक आहे ते दिसतं.

सुरुवात कुठून करू?

राजदूतांपासून नको. तुम्हाला माहीत असलेला एखादा देश आणि एखादं वर्ष घ्या, १९७१ चं ढाका घ्या हवं तर, आणि त्या वेळी तिथे असलेल्या तीन-चार वेगवेगळ्या पदांवरच्या लोकांच्या मुलाखती शोधा, एक राजकीय विभागातला, एक कॉन्सुलर, एक माहिती विभागातला, आणि मिळाली तर कुणाच्या बायकोची. एकाच आठवड्याबद्दल चौघं काय सांगतात ते बघा. मुलाखती लांब असतात, कधीकधी शंभर-दोनशे पानांच्या, त्यामुळे बालपण आणि कॉलेज सोडून थेट त्या पोस्टिंगवर गेलात तरी हरकत नाही, आवडलं की बाकीचं आपोआप वाचाल.